चौघंही हरत होते

१

रविवारची जेवणं आटोपली की बाइंडर दोनदा हात धुवायचा. एकदा जेवणाचे आणि एकदा खळीचे. आठवडाभर पुस्तकांच्या पाठी चिकटवताना नखांच्या कडेला खळ वाळून बसायची, आणि पत्त्यांना तिचा एक ठिपका जरी लागला तरी धाकटी घर डोक्यावर घ्यायची. मग धुतलेला सदरा, खिशात लहानशी वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, आणि दहा मिनिटांची चाल. तीनच्या ठोक्याला तो बहिणीच्या दारात हजर.

धाकटी म्हणजे त्याची सख्खी बहीण. त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, एकटी राहणारी, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. चार वर्षांपूर्वी तिला मोठं आजारपण आलं. ती त्यातून उठली, कामावर जाऊ लागली. पण पुढे वर्षभर विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची. तिच्या मागच्या खोलीतला रविवारचा पोकर बंद पडला होता. तो पुन्हा सुरू झाला, आणि तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिने चष्मेवाल्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि खो खो हसली. त्या दिवशी बाइंडरने वहीत डावांच्या खाली फक्त एवढंच लिहिलं: ‘हसली.’

खेळायला चौघं. भाऊबहीण दोघं, तिसरे मास्तर आणि चौथा चष्मेवाला. मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. पस्तीस वर्षं पत्रं वेगळी केलेला हात, म्हणून पत्ते नेहमी तेच वाटायचे, आणि वाटताना बोलणं कुणाशीही चालू असलं तरी हात चुकायचा नाही. चष्मेवाल्याचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान होतं आणि तोंडाला कुलूप नव्हतं. टेबल गोल, वर हिरवं कापड. मास्तरांच्या डाव्या हाताला धाकटी, मग थोडी मोकळी जागा, मग बाइंडर, मग चष्मेवाला. त्या मोकळ्या जागी दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर यायचं, म्हणून तिथे कुणी बसत नसे.

पैसे नाहीत, बटणं. कोटाची, सदऱ्याची, शिंगाची, शिंपल्याची. अकरा वर्षांपूर्वी प्रत्येकाला दीडशे दिली होती आणि प्रत्येकाचा एकेक पत्र्याचा डबा होता. डब्यांवर बाइंडरने चामड्याच्या पट्ट्या चिकटवून सोनेरी अक्षरांत नावं ठोकली होती, जाड पुस्तकांच्या पाठीवर ठोकतात तशी. नियम एकच, पण कडक: डबा दर रविवारी नव्याने भरायचा नाही. आज जिंकलं ते पुढच्या रविवारी, हरलं तेही पुढच्या रविवारी. उसनं नाही, दान नाही. डबा संपला की खेळ संपला.

डाव असा: सुरुवातीला सगळ्यांनी एकेक बटण मध्ये टाकायचं, प्रत्येकाला दोन पानं पालथी, मग टेबलावर तीन पानं उघडी. ही तीन उलटली की खरी गंमत. कुणीतरी बटणं लावतं, आणि पुढच्यापुढे तीन वाटा उरतात. पानं टाकून मोकळं व्हायचं. किंवा त्याने लावली तेवढीच लावून सोबत राहायचं, तो कॉल. किंवा वाढवून सगळ्यांना घाम फोडायचा, तो रेझ.

बाइंडर कॉल करायचा. अकरा वर्षांत उघड्या तीन पानांवर त्याने एकदाही रेझ केला नव्हता.

“ह्याला कुणी सांगितलं ना, बाबा रे, आग लागलीय, पळ,” चष्मेवाला म्हणायचा, “तर हा म्हणेल, तुम्ही पळाल तेवढंच मीही पळतो.”

बाइंडरही हसायचा. त्याचं काही बिघडत नव्हतं. बहीण हसते आहे, चहा गरम आहे, आणि पुढचं पान काय येतं ते अगदी थोड्या खर्चात बघायला मिळतंय. माणसाला आणखी काय लागतं?

२

सुरुवात चष्मेवाल्याच्या कुरकुरीने झाली.

“माझा डबा बघा. साठ. साठसुद्धा नाहीत. कोण लुटतंय मला?”

“मी नाही,” धाकटी म्हणाली. “माझी चौतीस उरलीत. दादा, तूच असणार. गप्प बसून गिळतोस.”

“माझी ब्याण्णव,” बाइंडर म्हणाला. “मागच्या महिन्यात शंभराच्या वर होती.”

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डबा उचलून हलवला. आत थोडीशीच बटणं खुळखुळली. “एक्काहत्तर,” ते म्हणाले. “मला वाटत होतं ताई जिंकतायत.”

“म्हणजे चौघंही हरतोय?” धाकटीने चष्मेवाल्याच्या पाठीत धपाटा घातला. “काय पण खेळाडू! एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं!”

सगळे हसले. बाइंडरही हसला, आणि हसता हसता त्याच्या मनाने बेरीज मांडली. चौघांची मिळून सहाशे असायला हवीत. आहेत त्याच्या निम्म्याहूनही कमी.

खालच्या फटीतून जात असतील. केरसुणीने केरात जात असतील. अकरा वर्षं म्हणजे काही थोडा काळ नाही. त्याने वाकून टेबलाखाली पाहिलं. फरशी लख्ख होती. धाकटीच्या घरात फरशी नेहमीच लख्ख असायची.

वर येताना त्याला टक् असा आवाज ऐकू आला. लहानसा, लाकडावर लोखंड आपटल्यासारखा. हा आवाज त्याच्या सवयीचा होता. खिडकीची कडी वाऱ्याने हलली की वाजते, अशी त्याची समजूत होती. त्याने खिडकीकडे पाहिलं. कडी घट्ट बसलेली होती आणि बाहेर पानही हलत नव्हतं.

३

कागद मोजणं हे बाइंडरच्या हाताचं काम होतं, डोक्याचं नव्हे. कागदांची चवड मिळाली की डाव्या हातात धरायची, जरा पिळायची, आणि अंगठ्याने चार-चार कागद सोडत जायचं. डोकं दुसरीकडे असलं तरी अंगठा आकडा सांगतो. पाचशे पानांच्या वहीत एक पान कमी असलं तरी त्याला कळायचं.

त्या रविवारी तीन पानं उलटली होती आणि तेवढ्यात चहा उतू गेला. मास्तर “बघतो, बघतो” म्हणत उरलेला पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवून आत धावले, कारण गॅसजवळ तेच होते आणि धाकटी पानांत गुंतली होती. जोड बाइंडरच्या हाताशी होता. त्याचा अंगठा आपोआप फिरला.

एकोणचाळीस.

चौघांची आठ, उघडी तीन. बावन्नातून अकरा गेली की एक्केचाळीस उरायला हवीत. त्याने पुन्हा पिळलं. एकोणचाळीस.

“काय रे, पत्ते बांधायला घेतोस की काय?” चष्मेवाला म्हणाला.

डाव संपला. पानं गोळा झाली तेव्हा त्याने पूर्ण जोड मागून घेतला. बावन्न.

पुढच्या डावात तीन पानं उलटली, आणि त्याने खोटंच सांगितलं की एक पान फाटल्यासारखं वाटतंय, जरा बघू द्या. एकोणचाळीस. डावानंतर बावन्न. त्याच्या पुढच्या डावातही तेच.

आता मनुष्य काय करतो? आधी स्वतःवर शंका घेतो. बाइंडरने अंगठ्याकडे पाहिलं, बोटं मिटून उघडली. वय झालं असेल. मग त्याने मास्तरांचे हात पाहिले. मास्तर चष्मेवाल्याला सुनेची तक्रार सांगत होते आणि हात आपलं काम करत होते: एक धाकटीला, एक तिच्या पलीकडे, एक बाइंडरला, एक चष्मेवाल्याला, एक स्वतःला. पुन्हा एक धाकटीला, एक तिच्या पलीकडे.

त्याने पापणी लववली. हिरव्या कापडावर, धाकटी आणि त्याच्या मधल्या मोकळ्या जागी, नुसतं ऊन पडलेलं होतं.

“मास्तर,” तो म्हणाला, “तुम्ही किती जणांना वाटलंत?”

“म्हणजे काय? आपल्याला,” मास्तर म्हणाले. “तुला नाही आली का पानं?”

आली होती. चांगली आली होती. त्याने कॉल केला.

४

सोमवारी त्याने दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि जुन्या वह्या काढल्या. एकोणीस वह्या, सगळ्या त्याच्याच हाताने शिवलेल्या. दर रविवारचे चार-सहा डाव त्याने टिपले होते: कोणती पानं उघडली, कोणी लावलं, कोणी टाकलं, आणि शेवटी ‘कोण जिंकलं’. ह्या वह्या तो पुन्हा कधी वाचत नसे. लिहिण्यात सुख होतं, तेवढं पुरे होतं.

आता वाचल्यावर त्याला दिसलं की दर रविवारी एक-दोन डावांत ‘कोण जिंकलं’ लिहून पुढे जागा कोरी होती. खाडाखोड नाही, घाई नाही. एरवी चहात साखर कमी होती हेसुद्धा लिहिणारा माणूस. आणि तो जिंकणाऱ्याचं नाव विसरला? एकदा नाही, दोनशेदा?

तो मागे मागे गेला. सोळाव्या वहीत, तीन वर्षांपूर्वीच्या एका पानावर, खेळणाऱ्यांची नावं पाच होती. धाकटी, मी, मास्तर, चष्मेवाला, मामा. त्याआधीच्या पानावरही पाच. त्याच्याही आधी पाच.

मामा कोण?

त्याला सख्खा मामा नव्हताच. पण वहीतला मामा नुसतं नाव नव्हता. ‘मामांनी मास्तरांना हसवून हसवून रडवलं.’ ‘मामा कॉल करण्याआधी बोटातल्या लोखंडी टोपणाने, अंगुस्तानाने, टेबलावर टक् करतात, धाकटी त्यामुळे चिडते.’ ‘मामांनी माझ्या सदऱ्याची कॉलर उलटवून शिवून आणली, पैसे घेतले नाहीत.’ बाइंडरने गळ्याशी हात नेला. त्याच सदऱ्याची कॉलर. टाके बारीक, एकसारखे. अशी कॉलर त्याला स्वतःला शिवता आली नसती, आणि कुणाकडून शिवून घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं.

पाच नावांच्या शेवटच्या रविवारचा शेवटचा डाव होता तो असा:

‘मामांची शेवटची पाच बटणं. उघडी: राणी, दश्शी, चव्वी. मामांनी दोन लावली. माझ्याकडे दश्शी. मी रेझ केला असता तर मामांनी पानं टाकली असती, मला तसं वाटलं. पण म्हटलं, कशाला? कॉल केला. मग मामांनी उरलेली तीन घातली. कोण जिंकलं:’

पुढे कोरं. पुढच्या रविवारी नावं चार. त्याबद्दल एक अक्षर नाही.

त्याने वही मिटली, दाबयंत्रात ठेवली आणि वरचा दांडा फिरवून आवळली. शिवण ढिली झाली की वही अशी ठेवतात. ह्या वहीची शिवण घट्ट होती.

५

पुढच्या रविवारी तो जरा लवकर गेला आणि डब्यांच्या फळीवर मागे हात घातला. चार डब्यांच्या पाठीमागे पाचवा होता. रिकामा. पट्टी चामड्याची, अक्षरं सोनेरी, ठोकणी त्याचीच. ‘म’ची गाठ तो जरा खोल ठोकतो, तशीच. शिंपीमामा.

“आपल्यात कधी शिंपी होता का गं?” त्याने विचारलं.

“शिंपी?” धाकटी कपबश्या मांडत होती. “नाही बाई. का?”

“मग एवढी बटणं आणली कुणी?”

ती थांबली. “मास्तरांनी ना?”

मास्तर आल्यावर म्हणाले, चष्मेवाल्याने. चष्मेवाला म्हणाला, “मी? मला वाटलं बाइंडरच्या बापजाद्यांची इस्टेट आहे.” आणि विषय तिथेच संपला, कारण मास्तर पानं पिसायला लागले होते.

बाइंडर मात्र धाकटीचा डबा बघत होता. चौतीसची एकोणीस झाली होती. ती खेळायचीच तशी: तीन पानं उलटली की डोळे चमकायचे, बटणं टेबलावर आदळायची, आणि कुणी वाढवलं तर आणखी वाढवायची. आजारपणात जे गेलं होतं ते सगळं त्या आदळण्यात परत आलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी डब्यात आठ उरली.

तो सगळ्यांच्या मागे रेंगाळला. धाकटी कपबश्या विसळायला गेली तेव्हा त्याने आपल्या डब्यातली मूठभर बटणं तिच्या डब्यात घातली.

“दादा.” ती दारातच उभी होती. “काय करतोयस?”

“काही नाही गं. माझ्याकडे जास्त झालीत.”

“उचल. उचल आधी. आजारी होते तेव्हा तू माझ्या ताटातली भाजी निवडून द्यायचास, आता बटणं द्यायला लागलास? मी काय पांगळी आहे?”

त्याने उचलली. तिने मोजून घेतली, आठच उरली आहेत ना, म्हणून.

“मग जरा बंद ठेवूया का?” तो म्हणाला. “खेळ. थोडे दिवस.”

“का?”

जोड दोन पानांनी कमी भरतो, खिडकीची कडी घट्ट असून वाजते, मला न आठवणाऱ्या माणसाने माझी कॉलर शिवली आहे. हे बोलून दाखवायचं म्हणजे धाकटीने त्याचा हात धरून त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. आणि त्याला स्वतःलाही, तिच्या लख्ख स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर, हे सगळं हास्यास्पदच वाटत होतं.

“उगीच,” तो म्हणाला.

“वेडा आहेस,” ती हसून म्हणाली. “मी आठवडाभर घाणेरड्या पाण्याच्या बाटल्या मोजते ते कशाच्या जिवावर?”

६

रविवारी आठ बटणांतलं एक सुरुवातीला मध्ये गेलं. सात उरली.

दुपार सुरेख होती. चष्मेवाल्याने नव्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. त्या बाईंना चष्मा लावल्यावर नवरा पहिल्यांदाच नीट दिसला आणि त्यांनी चष्मा परत केला. मास्तर हसून हसून खोकायला लागले. खोलीत चहाचा आणि गरम कापडाचा वास होता. बाइंडरने आपली पानं जराशी वाकवून पाहिली: नव्वी आणि अठ्ठी.

मास्तरांनी तीन पानं उलटली. बदामचा राजा, किलवरची नव्वी, चौकटची तिर्री.

धाकटीचे डोळे चमकले.

“तीन!” तिने बटणं आदळली. पुढ्यात चार उरली.

मध्ये सात बटणं असायला हवी होती, सुरुवातीची चार आणि तिची तीन. बाइंडरने मोजली. आठ. तो मोजत असतानाच टक् असा आवाज झाला. त्याच्या उजवीकडे, हातभर अंतरावर. त्याने पुन्हा मोजली. अकरा.

“तुझी पाळी,” चष्मेवाला म्हणाला. “विचारायचं काय त्यात? बोल, कॉल.”

नव्वीची जोडी म्हणजे कॉलचंच पान. टाकण्याइतकं वाईट नाही, वाढवण्याइतकं चांगलं नाही. त्याच्या जिभेवर तो शब्द तयार होता. पण त्याने पुढचं चित्र पाहिलं. तो कॉल करणार, चौथं पान उलटणार, आणि धाकटी उरलेली चार त्याच आवेशात आदळणार. मग पलीकडून पुन्हा टक्. आणि पुढच्या रविवारी तो तीनच्या ठोक्याला ह्या दारात येईल, दार उघडेल कोण? त्याला आठवेल का, आपल्याला बहीण होती? रात्री वही लिहिताना तो ‘कोण जिंकलं’पुढे जागा सोडेल आणि सुखाने झोपेल. सर्वांत भयंकर हे होतं की त्याला काहीही वाटणार नव्हतं.

आणि रेझ? रेझ करून तिला घाबरवायचं, पानं टाकायला लावायचं. पण धाकटी घाबरणाऱ्यातली नाही. तिच्यापाशी राजा असेल तर ती चिडून चारही घालेल, आणि जे पुढच्या पानावर व्हायचं ते आत्ताच होईल. त्याच्याकडे एकच गोष्ट होती. अकरा वर्षं त्याने कधी वाढवलं नव्हतं. ज्या माणसाने कधीच वाढवलं नाही त्याने एकदा वाढवलं, तर त्यावर विश्वास बसतो. ही ठेव एकदाच मोडता येणार होती.

आणि तिने पानं टाकली, तर मग उरणार ते दोघंच. तो, आणि उन्हातली ती मोकळी जागा.

“अरे, झोपलास का?” मास्तर म्हणाले.

बाइंडरने डबा पुढे ओढला. घाई केली तर ती ओळखेल, म्हणून त्याने कागद मोजावेत तशी बटणं मोजली, चार-चार, शांतपणे.

“रेझ,” तो म्हणाला. “चाळीस.”

चष्मेवाल्याच्या तोंडातलं बिस्किट बाहेर आलं. “काय म्हणाला हा?”

“चाळीस म्हणाला,” मास्तर म्हणाले. “देवा रे! वहीत लिहून ठेव, तारीख घाल.” आणि त्यांनी पानं टाकली. चष्मेवाल्यानेही टाकली.

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच बघायची, मान जराशी कलती करून. तिची बोटं चार बटणांवर होती. त्यातलं एक तिने उचललं, फिरवलं, पुढे नेलं.

“दादा, खरं सांग. राजे आहेत ना तुझ्याकडे?”

मोठेपणी तो तिच्याशी दोनदाच धडधडीत खोटं बोलला होता, आणि दोन्ही वेळा ती दवाखान्यात होती.

“चार घाल आणि बघ,” तो म्हणाला, आणि हसला.

तिने बटण मागे घेतलं आणि पानं फेकली. एक उघडं पडलं. इस्पिकचा राजा. “घे! राजाची जोडी टाकायला लावलीस, मेल्या. गिळ तुझी बटणं!”

तिची चार बटणं तिच्यापाशीच होती. बाइंडरने श्वास सोडला. तिघांनी पानं टाकली, म्हणजे डाव त्याचा. त्याने मधला ढीग ओढायला हात पुढे केला.

मास्तरांनी चौथं पान उलटलं.

७

“मास्तर, संपला ना डाव?” तो म्हणाला.

“अजून कुठे?” मास्तर सहज म्हणाले, आणि चष्मेवाल्याकडे वळले. “तर त्या बाई, चष्मा परत केला, मग पुढे?”

मधला ढीग मोठा झाला होता. आता तो मोजायची गरज नव्हती. चौथं पान राणी. त्याने आणखी वीस बटणं लावली, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता. टक्. पाचवं पान दुर्री. त्याने डबा उपडा केला. उरली होती ती सगळी हिरव्या कापडावर घरंगळली, आणि धाकटी म्हणत होती, “चष्मेवाले, तुमच्या गोष्टी तुमच्या काचांसारख्या, दोन्ही बाजूंनी धुरकट.”

ह्या वेळी टक् व्हायला वेळ लागला. पलीकडे कुणीतरी विचार करत होतं. बाइंडरला उगीचच वाटलं की ते त्याला जपत आहे.

मग टक्.

त्याने आपली पानं उलटली. नव्वीची जोडी. आणि त्याच्या उजवीकडे उन्हात दोन पानं उलटली, इस्पिकची तिर्री आणि बदामची तिर्री. उघडी एक धरून तीन. धाकटीचे राजे हरलेच असते. पानं उलटणारं बोट त्याने पाहिलं, पापणी लवायच्या आत जेवढं दिसतं तेवढंच: सुरकुतलेलं, टोकाला सुईच्या टोचण्यांचे बारीक काळे ठिपके, शेजारच्या बोटावर लोखंडी अंगुस्तान. वर मनगट होतं की नव्हतं, हे त्याला सांगता आलं नसतं.

कुणीतरी फार वेळ बसून उठावं तसा एक सुस्कारा ऐकू आला. खुर्ची मागे सरकली. त्याच्या कॉलरवरून एक हात फिरला, टाके ठीक आहेत ना बघितल्यासारखा. बाहेरचं दार उघडलं आणि जपून लावलं गेलं.

“वारा सुटला वाटतं,” मास्तर म्हणाले.

“नाही हो,” धाकटी म्हणाली. “चला, वाटा. तिघांत डाव कसा भराभर होतो.”

“तिघांत मजा नाही पण,” चष्मेवाला म्हणाला. “कुणीतरी चौथा बघायला हवा.”

“बघू की. घाई काय आहे?”

बाइंडर म्हणाला, “धाकटे.” त्याने चांगलं मोठ्याने म्हटलं. ती पानांची वाट बघत बोटांनी टेबलावर ताल धरत होती. ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर येत होतं. आपण कधी सरकून इकडे बसलो, ते त्याला आठवेना. हाताखाली बटणांची केवढी तरी रास होती, गार, गुळगुळीत, आजवर हरवलेल्या सगळ्या बटणांची.

त्याला वाटलं होतं की भीती वाटेल. त्याने ती येण्याची वाट पाहिली. खोलीत चहाचा वास होता. चष्मेवाला त्या बाईंचं पुढे काय झालं ते सांगत होता, आणि इथून गोष्ट जरा जास्तच चांगली ऐकू येत होती.

मास्तरांचे हात फिरले. एक धाकटीला, एक त्याला. पुन्हा एक धाकटीला, एक त्याला.

तीन पानं उलटली. दश्शी, सत्ती, दुर्री.

“तीन!” धाकटीने उरलेली सगळी बटणं आदळली, आणि तिचे डोळे चमकले. “काय व्हायचं ते होऊ दे.”

मास्तर आणि चष्मेवाल्याने पानं टाकायलाच हातात घेतली होती, पण आधी पाळी त्याची होती. त्याने पानं जराशी वाकवून पाहिली. दोन दश्श्या. उघडी धरून तीन. अकरा वर्षांत त्याला तीन पानांवर एवढं चांगलं पान कधी आलं नव्हतं.

त्याने बहिणीचा चेहरा बघितला, मनसोक्त. मग दोन्ही दश्श्या पालथ्या करून हलकेच पुढे सरकवल्या, आणि तिला तो डाव घेऊ दिला.